वेळेत येणारं उत्तर

२०२२ साली कोकण रेल्वेच्या रोहा ते ठोकूर या ७४० किलोमीटर मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. रत्नागिरी स्टेशनात लोकांना वरच्या तारा दिसल्या. माझं लक्ष गेलं ते इंजिनाच्या पोटातल्या कन्व्हर्टरकडे. तारेतले २५ किलोव्होल्ट ट्रान्सफॉर्मरने उतरवायचे, डीसी करायचे आणि मग इन्व्हर्टरने मोटरला हवी तशी थ्री-फेज वीज घडवून द्यायची. हे काम आयजीबीटी नावाचे स्विच करतात. वरचा आणि खालचा स्विच क्षणभर जरी एकदम चालू राहिले तरी शॉर्ट सर्किट होतं, म्हणून दोघांमध्ये काही मायक्रोसेकंदांचा डेड टाइम राखतात.

असल्या इन्व्हर्टरचा कंट्रोलर खऱ्या मोटरला जोडण्याआधी सिम्युलेशनमधल्या मोटरला जोडून तपासायचा, हे माझं काम. ती मोटर प्रोसेसरवर चालवायची की एफपीजीएवर, हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो.

प्रोसेसर एकेक आज्ञा मेमरीतून आणतो, उलगडतो, पाळतो. सिम्युलेशनची एक पायरी ५० मायक्रोसेकंदांची धरली, तर ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात दीड लाख ठोके मिळतात. ऐकायला भरपूर. पण मधेच ऑपरेटिंग सिस्टिमचं काही काम निघतं, हवा तो आकडा कॅशमध्ये सापडत नाही, आणि कंट्रोलरचा पल्स आत यायला व उत्तर बाहेर जायलाच काही मायक्रोसेकंद खर्ची पडतात. सरासरीने उत्तर वेळेत येतं. कंट्रोलरला मात्र सरासरीशी देणंघेणं नाही. एक उत्तर उशिरा आलं की करंट उडी मारतो आणि सगळं ट्रिप होतं.

एफपीजीएत आज्ञाच नसतात. आत छोटी कोष्टकं, गुणाकाराचे ब्लॉक आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा असतात. आपण समीकरण लिहायचं, त्याचंच सर्किट चिपवर मांडलं जातं. (१९८५ साली झायलिंक्सने अशी चिप पहिल्यांदा बाजारात आणली तेव्हा तीत ६४ ब्लॉक होते.) पोफळीच्या आगरात घागरीने शिंपणं आणि पाट काढून देणं, असा हा फरक. गडी कितीही चपळ असला तरी एका वेळी एकाच झाडापाशी. २०० मेगाहर्ट्झची चिप त्या प्रोसेसरच्या पंधरा पट मंद, पण १ मायक्रोसेकंदाची पायरी ती २०० ठोक्यांत, दर वेळी त्याच ठोक्याला, पुरी करते.

१० किलोहर्ट्झवर चालणारा इन्व्हर्टर घ्या. त्याचं आवर्तन १०० मायक्रोसेकंदांचं. ५० मायक्रोसेकंदांच्या पायरीने त्याच्याकडे दोनदाच बघता येतं. मधे पल्स कधी उठला, कधी पडला, याचा पत्ता नाही. मग स्कोपवर करंटमध्ये एक सावकाश डोलणारी लाट दिसते, जी खऱ्या मोटरमध्ये नसतेच. तोच पल्स एफपीजीएवर नॅनोसेकंदांच्या हिशेबात टिपला की ती लाट जाते, आणि डेड टाइममुळे करंट शून्यापाशी जरासा सपाट होतो तो खराखुरा दोष दिसू लागतो. तो दिसला की मला बरं वाटतं. तपासणी त्याच्यासाठीच तर असते.

म्हणून सगळंच एफपीजीएवर लोटावं, असं मुळीच नाही. एक समीकरण बदललं की डिझाइन पुन्हा बांधायला तास जातात. कुठल्या आकड्याला किती बिट द्यायचे, हेही स्वतःच ठरवावं लागतं. गाडीचं वजन, चढ, चाकाची पकड या गोष्टी मिलिसेकंदांत बदलतात. त्या प्रोसेसरवरच शोभतात. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी दुर्बिणीच्या नव्या यंत्रणेतही अशीच वाटणी आहे: ३० अँटेनांचे सिग्नल आधी एफपीजीएवर, पुढचा जड हिशेब जीपीयू या प्रोसेसरवर.

रत्नागिरीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे. बोर्ड विकत घेण्याआधी तुमच्या सर्किटमध्ये सगळ्यात जलद काय बदलतं ते कागदावर लिहा. तो आकडा मिलिसेकंदांत असेल तर लॅपटॉप पुरे आहे, पैसे वाचवा. मायक्रोसेकंदांत असेल आणि पलीकडे खरा कंट्रोलर वाट बघत असेल, तरच एफपीजीएला हात घाला.