गोळीसोबतचे पाणी

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळातला पूर ओसरू लागला आणि घरांतला चिखल उपसणाऱ्यांच्या हाती फावड्यांबरोबर एक औषधही पडले : डॉक्सिसायक्लिन, आठवड्यातून एकदा, २०० मिलिग्रॅम. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरा हा जंतू पायांवरच्या ओरखड्यांतून शरीरात शिरतो. त्याच्या आजाराला अडविण्याचा हा उपाय होता. त्यामागे देशातच झालेले संशोधनही होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पोर्ट ब्लेअर येथील केंद्राने अंदमानात ७८२ स्वयंसेवकांवर केलेली चाचणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. औषधाने संसर्ग फारसा टळला नाही. पण आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. मुंबईतही पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने हे औषध घ्यावे, असे महापालिका सांगत असते.

आता हे औषध प्रत्यक्षात कसे घेतले जाते, ते पाहावे. दिवसभर चिखल उपसून थकलेला माणूस रात्री शिबिरात परततो. झोपण्यापूर्वी आठवण होते, दोन कॅप्सूल तोंडात टाकल्या जातात, घोटभर पाणी घेतले जाते आणि पाठ जमिनीला टेकते. पहाटे छातीच्या मधोमध, हाडामागे, निखारा ठेवल्यासारखी जळजळ होऊन जाग येते. थुंकी गिळली तरी कळ उठते. मनात पहिला विचार हृदयाचा येतो आणि तो येणे योग्यच आहे. छातीतल्या वेदनेचे निदान घरच्या घरी करू नये. पण हृदयाचा आलेख निर्दोष निघाला, की प्रश्न उरतो तो अन्ननलिकेचा.

घशापासून जठरापर्यंतचे अंतर सुमारे २५ सेंटिमीटर. अन्न तेथे नुसते वरून खाली पडत नाही. स्नायूंच्या आकुंचनाची लाट त्याला सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर या वेगाने पुढे ढकलते. पाण्याला उभ्या शरीरात गुरुत्वाकर्षणाचीही मदत मिळते. कॅप्सूलचे कवच असते जिलेटिनचे, आणि जिलेटिन जरासे ओले झाले की चिकट होते. ओल्या बोटाला कागद चिकटतो त्याच न्यायाने ती नलिकेच्या भिंतीला धरून बसते. महाधमनीची कमान जेथे अन्ननलिकेला दाबते, ती अरुंद जागा तिला विशेष सोयीची. माणूस आडवा झाला, की गुरुत्वाकर्षण उपयोगाचे राहत नाही. झोप लागली, की लाळही आटते आणि गिळणेही विरळ होते. मग कवच तेथेच विरघळते. डॉक्सिसायक्लिनचे नेहमीचे क्षाररूप पाण्यात तीव्र आम्लधर्मी असते. भिंतीच्या एका नखाएवढ्या भागावर ते तासन् तास मुरते आणि व्रण होतो. हृदय आणि अन्ननलिका यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोहोचत असल्याने मेंदूला दोहोंतला भेद नीट कळत नाही.

या प्रकारच्या इजेचे पहिले वर्णन १९७० मधले, पोटॅशियमच्या गोळ्यांविषयीचे. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके, हाडांच्या ठिसूळपणावरचे अ‍ॅलेंड्रोनेट ही त्याच पंगतीतली. अ‍ॅलेंड्रोनेटच्या बाबतीत १९९६ मध्ये असे रुग्ण नोंदले गेल्यापासून पेलाभर साधे पाणी आणि नंतर किमान अर्धा तास आडवे न होणे, या सूचनेवर काटेकोर भर दिला जातो. तीच शिस्त डॉक्सिसायक्लिनच्या वाट्याला आपल्याकडे क्वचितच येते. दुकानदार पट्टी कात्रीने कापतो, माहितीपत्रक खोक्यातच राहते आणि गिऱ्हाइकाच्या हाती चार कॅप्सूल व ‘जेवणानंतर’ एवढा एकच शब्द पडतो.

याच औषधाने पोटही बिघडते. मळमळ, उलटी, क्वचित जुलाब. अन्नाबरोबर घेतल्यास हा त्रास बराच कमी होतो. खरी गुंतागुंत पुढे आहे. छाती जळते म्हणून माणूस आम्लपित्ताची गोळी घेतो, आणि तिच्यातले अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम डॉक्सिसायक्लिनला जखडून रक्तात उतरू देत नाहीत. लोहाच्या गोळीनेही हेच घडते. त्रास शमवण्याच्या उपायाने मूळ उपायच निकामी व्हावा, याहून विपरीत काय असेल? आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

केरळात त्या दिवसांत या औषधाविरुद्ध समाजमाध्यमांवर अपप्रचारही झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यासाठी एकाला अटक झाली. अटक योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवला तरी ज्याची छाती पहाटे खरोखर जळली आहे, त्याला अफवा खरी वाटणे स्वाभाविक आहे. ‘औषध सुरक्षित आहे’ हे वाक्य त्याच्या अनुभवाशी जुळत नाही. पुढच्या आठवड्याची मात्रा तो टाळतो आणि पुन्हा त्याच पाण्यात उतरतो. असे व्रण बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत भरून येतात. लेप्टोस्पायरोसिस मूत्रपिंडे आणि यकृत निकामी करू शकतो.

सकाळी खाल्ल्यावर, उभ्याने किंवा ताठ बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका. आम्लपित्ताची किंवा लोहाची गोळी काही तासांच्या अंतराने. आरोग्यसेविकेला हे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही. अडचण एकच. पूर आलेल्या गावात पेलाभर स्वच्छ पाणी हीच सर्वांत दुर्मीळ वस्तू असते, म्हणून गोळ्यांच्या पेटीबरोबर पाण्याच्या बाटल्यांची पेटीही त्याच होडीत चढवावी लागेल.