अब्बांची खाट आणि वीस वॅट

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूरचं पाणी चाळीसगावात शिरलं, तेव्हा आमच्या खालच्या खोलीत अब्बांचा टेप, त्याचा ॲम्प्लिफायर आणि मुशायऱ्यांच्या साठ-सत्तर कॅसेट होत्या. गहू वाळवता आला, गाद्या फेकता आल्या. कॅसेटमधला गाळ धुऊन काही उपयोग नव्हता. अब्बा काही बोलले नाहीत. रेल्वेत नोकरी केलेला माणूस, नुकसान झालं की आधी हजेरी घेतो, मग बसतो. पण त्यानंतर इशाच्या नमाजनंतरची त्यांची ती एक तासाची बैठक बंद पडली.

कॅसेटमधलं बरंच काही आता मोबाईलवर मिळतं, तेव्हा प्रश्न ऐकायच्या यंत्राचा होता. मी थोडे पैसे साठवले आणि नाशिकरोडच्या एका निवृत्त गृहस्थांकडून जुने स्पीकर घेतले. किंमत इथे लिहीत नाही, कारण बायकोला सांगितलेली आणि खरी, यांत फरक आहे आणि ती हे वाचते. स्पीकर होते एलएस ३/५ए. बीबीसीच्या संशोधन विभागाने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी हा नमुना तयार केला आणि १९७६ साली त्याचा अहवालही काढला. ब्रिटनमधल्या अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला. उंची जेमतेम एक फूट, वजन पाच किलोच्या आसपास. गोधडीत गुंडाळून मी ते रेल्वेने आणले, मनमाडपर्यंत तर मांडीवरच. अब्बांनी पाहिले आणि म्हणाले, "इतने पैसे में डालडे के दो डिब्बे?"

हे स्पीकर मी का निवडले, तर माणसाचा आवाज. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. ज्याचं शीन-काफ दुरुस्त नाही तो शायर मला ऐकवत नाही, आणि ज्या स्पीकरचं शीन-काफ दुरुस्त नाही तोही नाही. ढोल दणदणावा अशी आमची अपेक्षा नव्हती, ते काम या डब्यांचं नाहीच.

आता चूक सांगतो. स्पीकरवर सगळे पैसे गेल्यावर ॲम्प्लिफायर स्वस्तातला घेतला, तळहाताएवढा. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० वॅट. त्याच्यासोबत आलेला अडॅप्टर मी उलटा करून वाचलाच नाही. वाचला असता तर २४ व्होल्ट, ४ अँपिअर दिसलं असतं, म्हणजे सगळे मिळून शंभर वॅटसुद्धा नाहीत. आणि माझे स्पीकर जुन्या धाटणीचे, १५ ओमचे. २४ व्होल्टच्या पुरवठ्यातून १५ ओममध्ये एका बाजूला फार तर १९ वॅट जातात. सहावीतलं पोरगंही गुणाकार-भागाकार करून हे सांगेल, फक्त खोक्यावरची अक्षरं मोठी होती आणि अडॅप्टरवरची बारीक.

तरी रोजच्या ऐकण्याला १९ वॅट काही कमी नसतात. पण अब्बा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची खाट होती समोरच्या भिंतीला, स्पीकरपासून चांगली तेरा फूट. शब्द कळला नाही की ते बटन फिरवायचे. आणखी फिरवायचे. एका रात्री म्हणाले, "बेटा, ये मशीन बोलती नहीं, चिल्लाती है." मी ते म्हातारपणाच्या खात्यात टाकलं. आठवड्याने डाव्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा घुमट, गप्प झाला.

लहान ॲम्प्लिफायर मोठ्या स्पीकरला काय करणार, असं मलाही वाटायचं. उलटं असतं. ताकद संपली तरी ॲम्प्लिफायर थांबत नाही, आवाजाच्या लहरीचे शेंडे सपाट कापले जातात. त्या कापलेल्या शेंड्यांमधून भलतेच बारीक स्वर तयार होतात, ते सगळे ट्वीटरच्या वाट्याला येतात आणि त्याची केसासारखी तार तापून तुटते. साठ पोरांच्या वर्गात घसा बसलेला मास्तर जसा ओरडतो, तसं हे. ओरडून शब्द पोचत नाही, घसा मात्र जातो. वीस वर्षं हेच काम करूनही मला ते अब्बांच्या वाक्यात ऐकू आलं नाही. मूळ कंपनी तो ट्वीटर आता बनवत नाही. मुंबईच्या एका मिस्त्रीने जुन्या जोडीतला एक काढून दिला, तोवर चार महिने गेले.

या चार महिन्यांत मी ॲम्प्लिफायरचा अभ्यास केला, बीएडला केला नव्हता तेवढा. आमचा एक दोस्त मांडव आणि माईकचं काम करतो. तो म्हणाला, "माझा अडीचशे वॅटचा घेऊन जा." त्याच्या मशीनच्या मागे ४, ८, १६ ओमची टर्मिनलं होती आणि शेजारीच लांब वायरिंगच्या भोंग्यांसाठी १०० व्होल्टचं. चुकून त्याला वायर लागली असती तर १५ ओममध्ये न पेलणारे वॅट गेले असते आणि डालड्याच्या डब्यांचा धूर झाला असता. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पण जाता जाता तो कामाचं बोलला. म्हणाला, तीस वॅटमध्ये माझा भोंगा अर्ध्या गावाला ऐकू जातो, तुझ्या डब्यांना एवढं लागतंच कसं? भोंगा मशिदीवरचा असो की गणपतीच्या मांडवातला, (त्यावर भांडणारे पुष्कळ, डेसिबलचं गणित विचारणारा एक नाही) एका वॅटमध्ये एक मीटरवर तो शंभराच्या वर डेसिबल देतो. माझ्या स्पीकरचा कागदावरचा आकडा ८२-८३. दहा डेसिबल वाढवायला वॅट दहापट लागतात, तेव्हा वीस डेसिबलच्या फरकाला शंभरपट. वर १५ ओमचा मामला. बहुतेक ॲम्प्लिफायरवरचे वॅट ८ ओमचे असतात, १५ ला ते जवळपास निम्मे धरायचे. तुमचे स्पीकर ४ ओमचे असतील तर अडचण दुसरी, तिथे ॲम्प्लिफायरला करंट जास्त द्यावा लागतो आणि हलका असेल तर तो तापून बंद पडतो.

या हिशेबाने मी शंभर वॅटवर पोचलो होतो. एका व्हॉल्व्हवाल्यावरही मन गेलं होतं. त्याला १६ ओमचं टर्मिनल असतं, या स्पीकरला अगदी जुळणारं. पण चाळीसगावचा मे महिना, पत्र्याची खोली आणि त्यात ती शेगडी. शिवाय आमच्याकडचं व्होल्टेज संध्याकाळी काय करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तेवढ्यात अब्बांचे कान तपासले. डॉक्टरांनी कागद दाखवला. जाड आवाज ठीक ऐकू येतात, बारीक गेलेत. म्हणजे स, श, फ, ख. अक्षरंच ऐकू येत नाहीत म्हणून ते बटन फिरवतात, आणि ॲम्प्लिफायर कापायला लागला की नेमकी तीच अक्षरं आधी बिघडतात. शंभर वॅट आणून मी त्यांना तेरा फुटांवर तीच न कळणारी अक्षरं मोठ्याने ऐकवणार होतो.

घरी येऊन पोराला हाक मारली आणि दोघांनी अब्बांची खाट उचलून स्पीकरपासून चार फुटांवर आणली. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की सहा डेसिबल वाढतात, वॅट चौपट केल्यासारखे. खोलीत भिंतींमुळे तेवढे मिळत नाहीत, पण शब्द थेट येतो, भिंतीवर आपटून नाही. आणि हे स्पीकर मुळात गाडीत बसून हातभरावरून ऐकायला केलेले. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तुम्हाला वर सांगितलंही.

मग शंभर वॅट सोडले आणि जुना नॅड ३०२० घेतला. १९७८ साली निघालेलं मॉडेल, कागदावर फक्त २० वॅट, तेही ८ ओमला. माझ्या स्पीकरला त्याचे दहा-अकराच मिळतात, त्या ३०० वॅटवाल्याच्या निम्म्यापेक्षा थोडे जास्त. तरी तो का, तर मागे एक खटका आहे. तो चालू ठेवला की ताकद संपताना लहर एकदम कापली जात नाही, शेंडे गोलसर होतात. अब्बांचा हात बटनावर जाणार हे धरून चाललो होतो. घेताना मिस्त्रीला सोबत नेलं. त्याने फुगलेले कपॅसिटर बदलायला लावले आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरून डीसी किती येतो ते मोजलं. दोन्हीकडे २० मिलिव्होल्टच्या आत. पन्नासच्या वर असता तर घेऊ नको म्हणाला होता. जुनं घ्यायला जाल तेव्हा एवढं एक कराच.

पहिल्या रात्री इशानंतर एक जुना मुशायरा लावला. बटन नऊ वाजण्याच्या जागी होतं. अब्बा उजव्या कुशीवर झाले आणि बराच वेळ हलले नाहीत. मला वाटलं डोळा लागला. मी बंद करायला उठलो तेव्हा म्हणाले, "रुक. वो पीछे कोई खाँस रहा है, सुना?"

मी बसलो. खरंच, मागे कुणीतरी खोकत होतं.