हजेरीचा रकाना आणि पोटापाण्याचा प्रश्न

आमच्या नागपुरातल्या कॉलेजात 'विद्यार्थी यश आराखडा' करायला बसलो. पहिलाच मुद्दा आला, ७५ टक्के हजेरी. मी विचारलं, दिवसा दुकानात राबणाऱ्या पोराचं काय? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. आधी पोरांचं पोट पाहिलं, मग वेळापत्रक ठरवलं. आणि १९६४ पासून दीक्षाभूमीवर कॉलेज उभं असलेल्या या शहरात आम्ही त्याच पोरांना 'अनियमित' म्हणायचं? गुणवत्तेचं नंतर बोलू. महाडीबीटीवर कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुठल्या कागदावाचून अडकलाय, कोण किती वाजता कामावर जातो, ही यादी आधी करा. मित्रांनो, तुमच्याही कॉलेजात ती मागा. सकाळी सातचा वर्ग मी आराखड्यात लिहून दिलाय. मंजुरी अजून बाकी आहे.