रान आणि गुडघा

कनेक्टिकट नदी समुद्राला मिळते तिथून जवळच लाइम हे गाव आहे, आणि गावाला वेढून ओकचं रान. एकेकाळी शेतीसाठी या भागातली झाडं सरसकट तोडली गेली. पुढे शेतं ओस पडली, रान पुन्हा माजलं, हरणं परतली. माणसांनीही घरं बांधली ती रानाला खेटूनच.

१९७५च्या सुमारास इथल्या मुलांचे आणि मोठ्यांचेही गुडघे सुजू लागले. पॉली मरे या आईने घरातली, शेजारपाजारची दुखणी चिकाटीने टिपून ठेवली आणि आरोग्य खात्याचं दार ठोठावलं. त्या टिपणांपुढे मला हात जोडावेसे वाटतात. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी १९७७ साली ५१ रुग्णांची हकीकत मांडली, त्यात १२ प्रौढ होते. आजार बहुतेकांना उन्हाळ्याच्या सुमारास जडलेला.

त्याचं मूळ रानाच्या ऋतुचक्रात होतं. एखाद्या वर्षी ओक फळांनी लगडतो. त्यावर पोसून पुढच्या वर्षी पांढऱ्या पायांचे उंदीर वाढतात आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गोचिडी. गोचीड अंड्यातून निघते ती निर्मळ. उंदराचं रक्त पिताना तिच्यात बोरेलिया हा पिळदार जिवाणू शिरतो. कात टाकून खसखशीच्या दाण्याएवढी झालेली ती पालापाचोळ्यात पुढचे पाय पसरून वाट बघते. चावा कळतही नाही. जिवाणू अंगात उतरायला बहुधा दीडेक दिवस लागतो. मग बहुतेकांच्या कातडीवर लाल चट्टा पसरतो, आणि काही महिन्यांनी गुडघा सुजू शकतो.

शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना हा जिवाणू १९८१ साली गोचिडीच्या आतड्यात दिसला. आपलं शरीर जंतूंना लोह मिळू न देता त्यांची उपासमार करतं. हा जिवाणू मात्र लोहाऐवजी मँगनीजवर निभावून नेतो. त्याला वैरी म्हणायला माझी जीभ वळत नाही. उंदीर आणि गोचीड हेच त्याचं हजारो वर्षांचं घर. माणूस मध्येच आडवा आला.

प्रतिजैविकांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींची सूज मात्र जिवाणू मेल्यावरही हटत नाही. २०१९मध्ये अशा सांध्यांतल्या द्रवात त्याच्या पेशीभिंतीचे तुकडे सापडले. रोगप्रतिकारशक्ती त्यांच्यावरही चवताळून उठते. अशा वेळी डॉक्टर प्रतिजैविकं थांबवतात आणि मेथोट्रेक्सेटसारखी, आमवातावर देतात तीच औषधं सुरू करतात.