चाळीस हात दोरी

घरात हुशार मूल असणे ही भाग्याची गोष्ट खरी. पण मे महिना जवळ आला की ते भाग्य जरा महाग पडू लागते. आमचा नातू दहा वर्षांचा. पाढे, कोडी, ग्रहताऱ्यांची नावे, सारे त्याच्या जिभेवर. त्यामुळे मार्च संपता संपता सूनबाईंच्या टेबलावर शिबिरांची पत्रके जमू लागली. कुठे यंत्रमानव बनवायचा, कुठे अबॅकसवर आकडेमोड करायची, कुठे दहा दिवसांत व्यक्तिमत्त्वाचा विकास करून घ्यायचा. एकेका पत्रकाच्या तळाशी छापलेला आकडा पाहून मला माझ्या पहिल्या वर्षाच्या सबंध पगाराची आठवण झाली आणि त्या पगाराची थोडी कीवही आली.

मुलगा म्हणाला, "बाबा, वर्गातली सगळी मुले जातात. हा एकटा घरी बसला तर मागे पडेल."

कशाच्या मागे, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. पण ज्याला फी भरायची नसते त्याने असले प्रश्न विचारू नयेत, एवढे शहाणपण वयाने मला दिले आहे.

आमच्या लहानपणी असे नव्हते, असे म्हणून मी तुमचा वेळ घेणार नाही. हुशार मुलांना शाळेपेक्षा काही अधिक हवे असते, हे खोटे नाही. १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती याच विचाराने. प्रश्न एवढाच, की ते 'अधिक' मिळते कुठे आणि केवढ्याला?

उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. माझे एक निवृत्त शिक्षक स्नेही उन्हाळ्यात वह्या-पेन्सिलींचे गाठोडे घेऊन मणिबेलीला जातात. ते म्हणाले, "नातवाला घेऊन चला. फी नाही. गाडीभाडे आणि पायपीट, बस्स."

सूनबाईंनी सापांची चौकशी केली, पाण्याची केली, दवाखान्याची केली आणि शेवटी मोठ्या मनाने होकार दिला. यंत्रमानवाच्या शिबिरात जागा उरली नव्हती, हेही त्या होकाराचे एक कारण असावे.

नंदुरबारपर्यंत आगगाडी, अक्कलकुव्यापर्यंत एसटी, मोलगीपर्यंत घाटातून जीप आणि शेवटी होडी, असा प्रवास झाला. मणिबेली नर्मदेच्या काठी. सरदार सरोवर धरणाच्या भिंतीकडून वर यावे तर महाराष्ट्रातले पहिले गाव हेच. १९९३च्या पावसाळ्यात इथली घरे पाण्यात गेली. पुढे शूलपाणेश्वराचे जुने देऊळही बुडाले. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संस्थांनी, मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा, अशी मागणी जागतिक बँकेकडे केली. त्या जाहीरनाम्याला नाव दिले मणिबेलीचे. जगाच्या कागदपत्रांत ज्याचे नाव आहे, ते गाव डोळ्यांना मात्र टेकड्यांवर विखुरलेल्या चार-दोन घरांएवढेच दिसते.

इथे जीवनशाळा आहे. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या आधाराने गावकऱ्यांनी अशा शाळा काढल्या. पहिल्या दोन १९९१-९२च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे निघाल्या. खोऱ्यात सरकारी शाळा कागदावर होत्या, पण गुरुजी क्वचित दिसत. तेव्हा या लोकांनी लढता लढताच मुलांना शिकवायचे ठरवले. 'लढाई, पढाई साथ साथ' ही घोषणा त्यातूनच आली. मुले तिथेच राहतात, चौथीपर्यंत शिकतात. आपली बोली, आपली झाडे, आपली नदी हेही तिथे अभ्यासाचे विषय.

आम्ही गेलो तेव्हा शाळेला सुट्टी होती. पण गाठोडे आल्याचे कळताच पाच-सात मुले ओसरीवर जमली. त्यांतला एक नातवाच्याच वयाचा. थोडा वेळ दोघे एकमेकांच्या चपला न्याहाळत बसले. मग त्याने विचारले, "तुम्ही सुट्टीत काय करता?"

"शिबिराला जातो."

"तिथं काय?"

"शिकायचं असतं."

तो विचारात पडला. "मग शाळेत काय करता?"

नातवाने माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या टेकडीकडे पाहू लागलो.

त्या पोराची सुट्टी सकाळी अंधारात सुरू होई. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचायची, मग झाडाखाली पडलेल्या बिया गोळा करायच्या, बकऱ्या राखायच्या. कोणत्या मोहाला किती फुले धरतात, वारा कुठून आला की होडी काढू नये, कोणता पाला बकरीला चालत नाही, सारे त्याला तोंडपाठ. नातवाने त्याला सतराचा पाढा म्हणून दाखवला. त्यानेही ऐकून घेतला, आणि एक चूक काढली! चूक खरी होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी आम्हाला होडीतून नेले. मध्यावर आल्यावर नातवाने विचारले, "इथे पाणी किती खोल आहे?"

"मोजू," तो पोरगा म्हणाला. होडीत दोरीचे वेटोळे होते. त्याने टोकाला दगड बांधला आणि वडिलांच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दोरी लावत, मोजत मोजत खाली सोडू लागला. नातवाचे डोळे चमकले. तो म्हणाला, "एक हात म्हणजे दीड फूट, साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर." चाळीस हात झाले आणि दोरी संपली. दगड अजून लोंबकळत होता.

"अठरा मीटर!" नातू ओरडला. "आजोबा, मजला तीन मीटरचा धरला तर आपली सहा मजली अख्खी इमारत! आणि तरी तळ नाही!"

"खाली माझ्या आज्याचं घर आहे," पोरगा म्हणाला. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. आपण शेजारी कोण राहतो ते सांगतो, तसे सांगितले.

नातवाची आकडेमोड तिथेच थांबली. त्याने दोरी हातात घेतली आणि परत ओढायला तो पोराला मदत करू लागला. काठाला लागेपर्यंत एक शब्द बोलला नाही. इतका वेळ गप्प बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

गरिबीत राहिले की मुले आपोआप शहाणी होतात, असा उपदेश मी करणार नाही. तो पोटभर जेवलेल्या माणसाचा उपदेश असतो. त्या मुलाला चौथीनंतर घर सोडून दूर जावे लागेल, आणि नाही जमले तर सतराच्या पाढ्यातली चूक काढणारे डोके बकऱ्यांमागे फिरेल. हुशारी देवाने सगळीकडे सारखी पेरली. पुढचे पाणी मात्र आपण घालतो, आणि तेही आपल्याच कुंडीत. मला लाज वाटली ती याची. महागडी शिबिरे परवडत नाहीत म्हणून मी कुरकुरत होतो, तेव्हा हे लोक घर पाण्यात जात असताना शाळा बांधत होते.

परत आल्यावर मे महिन्याचे निम्मे दिवस शिल्लक होते. ते स्वस्तात गेले. आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे चक्कर झाली. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, झडलेल्या रिफिली, सायकलची ट्यूब यांतून करायची खेळणी आणि पुस्तके इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, मराठीतही. त्यांतली नऊ खेळणी आमच्या जेवणाच्या टेबलावर तयार झाली. टेबलाची दशा विचारू नका. चिरंजीव संध्याकाळी तासभर मुलाजवळ बसू लागले. मला वाटते, सगळ्या शिबिरांत मिळून जी गोष्ट विकत मिळत नव्हती ती हीच: प्रश्न विचारला की काम बाजूला ठेवून 'मोजू' म्हणणारे माणूस.

नातवाने मणिबेलीला पत्र पाठवले आहे, माझ्या स्नेह्यांच्या हस्ते. सोबत गणिताचे पुस्तक आहे आणि पुढच्या वर्षीच्या सामानाची यादी. ती मी चोरून वाचली. पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे: 'दोरी, ऐंशी हात.'