पहिला सेट गेल्यावर

बोर्ग पहिला सेट हरला, की आमचे अण्णा खुर्चीत नीट सावरून बसत. वांद्रे पूर्वच्या सरकारी वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत हा स्वीडिश टेनिसपटू घरचाच झाला होता. त्याला पाहायला मिळायचं कमी, पेपरात वाचायला मिळायचं जास्त. सकाळी पेपर आला की अण्णा खेळाचं पान आधी उघडत आणि आकडे मोठ्याने म्हणत. १९८१ च्या विम्बल्डनची उपांत्य फेरी, समोर जिमी कॉनर्स : ०-६, ४-६, ६-३, ६-०, ६-४. एकाही गेमशिवाय गेलेला पहिला सेट त्याने चौथ्यात तस्साच परत केला होता.

"तो हरत नव्हता रे," अण्णा म्हणाले, "तो बघत होता."

बोर्गचं हे नेहमीचंच होतं. १९७७ साली दुसऱ्याच फेरीत मार्क एडमंडसनने त्याच्याकडून पहिले दोन सेट काढून घेतले. १९७९ साली आपल्या विजय अमृतराजने पहिला सेट ६-२ असा जिंकला, पुढे दोन-एक अशी आघाडीही घेतली. त्या सामन्यात कुणाची बाजू घ्यावी हे अण्णांना ठरवता आलं नव्हतं. दोन्ही वर्षी विम्बल्डनचा चषक मात्र बोर्गच घेऊन गेला. १९८० च्या मॅकेन्रोविरुद्धच्या त्या प्रसिद्ध अंतिम सामन्याची सुरुवातही १-६ अशीच, आणि तोही शेवटी बोर्गनेच जिंकला.

आमच्यापासून जवळच, साहित्य सहवासात, आमच्याच वयाचा एक मुलगा त्या दिवसांत मॅकेन्रोसारखे केस वाढवून, कपाळाला पट्टी बांधून फिरत होता. पुढे त्याने रॅकेट ठेवून बॅट उचलली आणि साऱ्या देशाने त्याला सचिन म्हणून ओळखलं. १९८१ चा अंतिम सामना त्याच्या मॅकेन्रोने जिंकला, आणि तोही पहिला सेट ४-६ असा गमावून. मॅकेन्रोला कुणी संथ सुरुवातीचा खेळाडू म्हणणार नाही. पण त्या दोन वर्षांत दोन्ही अंतिम सामने पहिला सेट हरलेल्यानेच जिंकले, ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली.

कॉलेजात असताना स्टेशनपलीकडे, पश्चिमेला, एका मातीच्या कोर्टवर खेळायला जाऊ लागलो, तेव्हा अण्णांच्या बोलण्याचा अर्थ अंगाला कळला. कोर्टवर पाणी मारून, रोलर फिरवून, चुन्याच्या रेघा ओढून झाल्या की मार्कर आमच्याशी खेळे. पन्नाशीचा माणूस, पाय थकलेले, पण नजर विलक्षण. सुरुवातीचे चार-पाच गेम तो सहज देऊन टाकी. त्या वेळात तो माझा बॉल टॉस कुठे पडतो, घाईत मी कुठल्या कोपऱ्यात मारतो, बॅकहँडला पाय कधी मागे राहतो, सगळं टिपून घेई. मग मी सर्व्हिस करायच्या आधीच तो योग्य जागी उभा असायचा. "घाई कसली? आधी समोरचा माणूस ओळखून घ्या," एवढंच तो सांगे.

संथ सुरुवातीमागे प्रत्येक वेळी असा डाव असतो, असं नाही. कुणाचं अंग उशिरा मोकळं होतं, कुणाच्या हाताला सुरुवातीला कंप असतो. काहींचा खेळ मुळातच लांब रॅलींचा, त्यांना लय सापडायला वेळ लागतो. बॉलचाही वाटा आहे. मोठ्या स्पर्धांत पहिले सात गेम झाल्यावर, मग दर नऊ गेमनंतर नवे बॉल येतात. नवा बॉल सपकन जातो, जोरकस सर्व्हिसवाल्याला तो हवाच असतो. खेळून खेळून त्याची लव फुगते, तो जड होतो, आणि परतवणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. संध्याकाळी समुद्रावरून दमट वारा आला की आमचे बॉल असे जड व्हायचे, की मार्करच्या चेहऱ्यावर समाधान दिसे.

आणि या खेळाला घड्याळ नाही. फुटबॉलमध्ये तीन गोलांनी मागे पडलेल्या संघाला मिनिटं मोजावी लागतात. इथे सेट ०-६ गेला काय किंवा ६-७ गेला काय, पुढचा सेट शून्यापासूनच सुरू होतो. खेळाच्या नियमांतच एवढं औदार्य असलेले खेळ मला फार माहीत नाहीत.

१९९५ साली दिल्लीत, डेव्हिस कपमध्ये, लिअँडर पेस गोरान इव्हानिसेविचविरुद्ध दोन सेट मागे होता. आदल्याच वर्षी विम्बल्डनची अंतिम फेरी खेळलेला माणूस समोर. तिसरा सेट पेसने टायब्रेकवर ओढून आणला, चौथा ६-४, पाचवा ६-१. तोवर ती सर्व्हिस त्याला दिसू लागली होती, अशी माझी खात्री आहे. पुढच्या वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये, दुखऱ्या मनगटाने, कांस्यपदकाच्या सामन्यात तो मेलिगेनीकडून पहिला सेट ३-६ असा हरला. पुढचे दोन ६-२, ६-४. १९५२ साली हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं, त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक पदक. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. निकाल कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पहिल्या सेटचा.

आपल्या ऋतुजा भोसलेचा हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतला सामना पाहायला अण्णा हवे होते. २०२३ चा सप्टेंबर. रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी, पहिला सेट २-६ गेलेला. दुसरा ६-३ असा आला आणि मग तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, तो १०-४. सुवर्णपदकाच्या आनंदात मी होतोच, पण त्या टायब्रेकच्या वेळी जीव टांगणीला लागला होता. सावकाश उलगडणाऱ्या खेळाडूला दहा गुण म्हणजे काहीच नाहीत.

हीच गोष्ट मला आता वांद्र्यातल्या मुलांच्या स्पर्धांत खुपते. माझी पुतणी खेळते. सुरुवात नेहमी ०-३. चौथ्या गेमला तिचे पाय हलू लागतात, सहाव्याला समोरचीची सर्व्हिस ओळखू येते, आणि तेवढ्यात एका सेटचा सामना संपतो. कोर्ट कमी आहेत, मुलं खूप आहेत, हे मान्य. पण अशाने आपण फक्त चटकन पेटणारी मुलं निवडतो आहोत, आणि ज्यांचा खेळ दुसऱ्या तासात उमलतो ती दहाव्या-बाराव्या वर्षीच घरी बसतात. निदान उपांत्य फेरीपासून तरी तीन पूर्ण सेट खेळवा, असं मी आयोजकांना सांगत असतो. हवं तर सकाळी सहाला सुरू करा. बॉलचे डबे, मार्करचे पैसे, कोर्टचं जास्तीचं भाडं आम्ही पालक मिळून बघू.