क्योतोतील मोहरीचा वाफा

उन्हाळ्याचा अंमल ओसरला, की क्योतोच्या परसांतून मिझुना नामक मोहरीवर्गीय पालेभाजीच्या पेरणीचा हंगाम सुरू होतो. कारण दिवस मोठे व उष्ण असता हे रोप पानांचा संसार अर्धवट टाकून तुऱ्यावर येते, आणि हवेत गारवा येताच मात्र पानांतच रमते. मोहरीचा दाणा केवळ फोडणीत तडतडण्यासाठी जन्मास येतो, अशा संस्कारात वाढलेल्या मला तो मातीत घालताना मोठे कौतुक वाटले. अर्धा सेंटिमीटर खोल ओळीत बी टाकून झारीने पाणी दिले. आठवड्याच्या आतच हृदयाकृती बीजपत्रांच्या जोड्या वर आल्या आणि त्यांच्यामागून खोल कातरलेली, पांढऱ्या सडसडीत देठांची खरी पाने. याच शहराच्या मिबू भागातील मिबुना ही हिची सख्खी बहीण, पण तिची पाने अखंड व अरुंद.

दाटी झाली की विरळणी करणे प्राप्तच असते. तथापि उपटलेले कोवळे रोपही कोशिंबिरीत जमा होत असल्याने या व्यवहारात खर्ची घालावे असे काहीच उरत नाही. उड्या मारणारे चिमुकले काळे भुंगेरे पाने चाळणीसारखी करतात, त्यांचा बंदोबस्त पेरणीच्याच दिवशी बारीक जाळी घालून करावा. पुढे कोंब राखून, जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर वर कापणी केली, तर तेच खोड पुन्हा फुटते. ज्याच्यापाशी हातभर माती आणि थंडीचे चार दिवस आहेत, त्याने ही भाजी अवश्य लावावी.